गिरिधर सरांची चावी

दामिनीला नोकरीवरून काढलं त्याला तीन महिने झाले होते. नागपूरच्या त्या कंपनीत एका मोठ्या ग्राहकाचा सगळा डेटा उडाला. उडवला तिच्या वरिष्ठ गिरिधर सरांनी, नाव लागलं दामिनीचं. 'हिच्यावर विश्वास ठेवता येत नाही,' असं सरांनी मालकाला लेखी कळवलं. ते वाक्य तिला तोंडपाठ झालं होतं. आता ती कळमेश्वरला पोरींना कॉम्प्युटर शिकवायची. राग मात्र तसाच धगधगत होता.

बुधवारी दुपारी जुनी सहकारी वैदेहीचा फोन आला. "ताई, त्याच ग्राहकाचे ऋषिकेश साहेब तपासणीले येऊन बसले. कंपनीचे पासवर्ड ठेवतो त्या कॉम्प्युटरमधल्या तिजोरीतून तुमची डिजिटल चावी काढून सरांची टाकायची आहे. अन् मशीन घेऊनच नाही राहिली."

दामिनीच्या लगेच ध्यानात आलं. सरांनी नव्या लॅपटॉपवर चावीची फाइल नुसती आणून ठेवली असणार. ती भरवशाची आहे हे मशीनला सांगितलंच नसणार. दोन मिनिटांचं काम.

"सरांनाच फोन करू दे," ती म्हणाली.

पाच मिनिटांत फोन वाजला. "दामिनी, अडकून राहिलो वं. ही चावी याच माणसाची आहे याची खात्री नाही, म्हणते मशीन."

"स्पीकर चालू करा सर. सगळ्यांसमोर सांगते."

त्यांनी केला.

"आधी एक सांगा. ऋषिकेश साहेबांचा डेटा कोणी उडवला होता?"

"हे आता काहून काढून राहिली?"

"मले घाई नाही सर. माझा क्लास पाच वाजता आहे."

पलीकडून एक अनोळखी आवाज आला, ऋषिकेश साहेबांचाच असावा, "सांगा ना गिरिधरजी. मलेही ऐकायचं आहे."

दामिनीनं घड्याळाकडे पाहिलं.

"माझ्याच हातून उडाला," सर म्हणाले.

मग तिनं एकेक पायरी शांतपणे सांगितली. चावी उघडा, ट्रस्ट लिहा, पाच हा आकडा द्या, म्हणजे पूर्ण भरवसा. सेव्ह करा. मशीननं चावी घेतली आणि तिजोरीतून दामिनीचं नाव गेलं.

महिन्याभरात सरांनाही जावं लागलं. मालकानं तिला परत बोलावलं. तिनं मालकाकडून लेखी माफीनामा मागितला, तोही सगळ्या कंपनीला पाठवायला लावला. माफीनामा आला, तरी दामिनी गेली नाही.

"काहून वं," आई म्हणाली, "त्या सरांसाठी थोडंही वाईट नाही वाटत?"

दामिनीनं मनात खरंच शोधून पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.