दोन पावसाळे उघड्यावर

मी एक बेड आहे. घाबरू नका, माझ्यावर कुणी झोपत नाही. लोखंडी भाग घासून गुळगुळीत करणारं मशीन ज्या जड पायावर उभं राहतं, त्याला वर्कशॉपमध्ये बेड म्हणतात. घावनांचा तवा असतो ना, त्याच बिडाचा मी. वजन सव्वासहाशे किलो.

माझा जन्म तळेगावच्या एका फाउंड्रीत झाला. म्हाताऱ्या बजरंगआबांनी लाकडी नमुना वाळूत दाबला, अलगद उचलला, आणि वाळूत माझ्या आकाराची पोकळी उरली. तिच्यात वितळलेलं बीड ओतलं. ते पाण्यासारखं धावलं, कोपऱ्याकोपऱ्यात शिरलं. माझे पाय, फासळ्या, खाचा, सगळं एका दमात घडलं. कुठेही जोड नाही. मला अजून याचं नवल वाटतं.

निवल्यावर लगेच काम मिळेल असं वाटलं होतं. पण आबांनी मला, ज्यांच्यासाठी ओतलं त्या वासंतीबाईंच्या वर्कशॉपमागे उघड्यावर ठेवायला सांगितलं. ओतलेलं बीड वरून निवतं, पण आतून ताणलेलंच राहतं. घाईने कापून सपाट केलं तर पुढे वाकतं. दोन पावसाळे जाऊ द्यावेत, ताण आपोआप सुटतो, असं त्यांचं म्हणणं.

मावळचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. मी तांबडा झालो. खाचांत शेवाळ आलं, एक बेडूक तर महिनाभर राहून गेला.

दुसरा पावसाळा सरता सरता बाईंचा पुतण्या श्रीयश शिकून आला. हुशार, पण घाईचा. एका कंपनीचे पंपाचे भाग घासून द्यायचे होते. त्याने पोलादी पत्रे वेल्ड करून आठ दिवसांत दुसराच बेड उभा केला. हलका, चकचकीत. मात्र मशीन सुरू झालं की तो गुणगुणायचा, आणि घासलेल्या भागांवर बारीक लाटा उमटायच्या. कंपनीने नमुने परत पाठवले आणि पंधरा दिवसांची शेवटची मुदत दिली. हे काम गेलं असतं तर बाईंना वर्कशॉप बंद करावं लागलं असतं.

नव्या बेडला आधार जोडायला जागा हवी, म्हणून श्रीयशने मागचं सामान काढायला भंगाराचा टेम्पो बोलावला. गंजलेलं धूड पाहून त्याला मीही भंगारच वाटलो. माझ्याभोवती साखळी आवळली गेली. मी दाबाला भीत नाही, पण आपटलो की तडकतो.

तेव्हा बजरंगआबा आले आणि थेट माझ्यावरच बसले.

"आबा, उठा. पार गंजलाय तो."

"गंज वरवरचा हाय. म्या वतलाय त्येला. आत्ता कुटं आतनं निवांत झालाय, आन तू इकतोस व्हय?"

श्रीयशने हातोडी मारून दाखवली. पोलादावर टण्ण झालं, माझ्यावर नुसतं थप्प. "ऐका. आतून फुटलाय."

आबा हसले. "फुटला न्हाई. आवाज पिऊन बसलाय. तुझा बेड गातो, म्हून तर लाटा उठत्यात."

वासंतीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी टेम्पो रिकामा पाठवला.

मग मला कापायला घेतलं. गंजाखाली करडा, थंड, चमकदार मी निघालो. माझ्या अंगात पेन्सिलीच्या शिशासारखे काळे, बारीक पापुद्रे आहेत. थरथर त्यांच्यात शिरते आणि विरून जाते. हे मलाही आबांच्याच तोंडून कळलं.

चौदाव्या दिवशी माझ्यावर मशीन चढलं. श्रीयशने बटण दाबलं. बाईंनी माझ्यावर तळहात टेकवला आणि वाट पाहिली.

"अरे, चालू कर ना."

"चालूच आहे, काकू."

त्यांनी वाकून मशीनचा गरगर फिरणारा घासायचा दगड पाहिला. हात मात्र उचलला नाही. घासलेला पहिला भाग श्रीयशने खिडकीशी नेला. त्यात खिडकीचे गज सरळ दिसत होते. मग तो आबांसाठी चहा करायला स्वतः गेला.

नमुने पास झाले. आता माझा दिवस कामात जातो. एवढंच सांगतो, एखादी जड वस्तू कोपऱ्यात नुसती पडलेली दिसली, तर ती कशाची वाट पाहतेय हे आधी कुणाला तरी विचारा.

वर्कशॉपमागे सध्या माझा धाकटा भाऊ भिजतोय. त्याच्यावर श्रीयशने पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलंय: 'हलवू नये. निवतोय.'