दांड्यावरची जागा

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. पेटी म्हटले की कुणाला दागिने आठवतात, कुणाला कपडे. माझ्यात मात्र गवत भरतात. हसू नका, मित्रांनो. दागिने खाऊन गाय दूध देत नाही.

मी माणसाच्या छातीएवढी उंच आहे. मला झाकण नाही, पुढे एक दार आहे आणि डोक्यावर एक लांब दांडा आहे. दांड्याला जाड फळी लावलेली आहे. माझ्यात आधी सुतळीचे दोन पदर सोडतात आणि त्यावर वाळलेले गवत भरतात. मग एकाने दांड्याचे बाहेरचे टोक गुडघ्याएवढे खाली दाबून धरायचे, म्हणजे फळी गवतावर बसते. गवत दबलेले असतानाच दुसऱ्याने सुतळीची गाठ मारायची. दार उघडले की नीटस चौकोनी गठ्ठा बाहेर येतो. थोडक्यात, मला दोन माणसे लागतात. एकट्याचे काम मी कधी केले नाही.

मला एका सुताराने बनवले. त्याच्या दुकानाचे दार मोडीत निघाले होते, त्याच्या फळ्या घेऊन त्याने मला घडवले आणि नुकत्याच लग्न झालेल्या लेकीकडे पोचवले. लेकीच्या घरामागे दीड एकराचा गवताळ तुकडा होता आणि गोठ्यात एक गाय होती. जावई पोस्टमन होता. "पत्रं वाटणाऱ्याला गवतातलं काय कळणार?" असे सुतार वाटेत दोनदा म्हणाला.

त्याचे म्हणणे खरे ठरले. पहिल्या वर्षी पोस्टमनने घाई केली. आभाळ भरून आलेले पाहून त्याने अर्धवट वाळलेलेच गवत माझ्यात कोंबले. चार दिवसांनी सुतार आला. त्याने एका गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि जावयाचाही हात धरून आत घातला. आत गवत तापले होते, त्याला बुरशीचा वास येत होता. सगळे गठ्ठे फेकावे लागले. त्या दिवसापासून पोस्टमन मूठभर गवत पिळून पाहायचा. ते कडकड मोडले तरच तो सुतळी हातात घ्यायचा.

गाठीत मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पत्रांचे गठ्ठे बांधून बांधून त्याची बोटे तयार झाली होती. त्याची गाठ डोंगरावरून गडगडली तरी सुटायची नाही, आणि सोडायची म्हटली तर एका ओढीत सुटायची. त्यामुळे कामाची वाटणी आपोआपच झाली. बाई, म्हणजे सुताराची लेक, दांडा दाबायची, पोस्टमन गाठ मारायचा. मी पेटीच असल्याने मला कुणी विचारले नाही, पण मला ती जोडी फार आवडायची. एकही शब्द न बोलता ती दोघे दिवसाला वीस गठ्ठे काढायची. येणारे-जाणारे थांबून बघायचे, आणि मी थोडी फुशारून जायचे. खोटे कशाला बोलू?

अशी सव्वीस वर्षे गेली. पोस्टमन निवृत्त झाला, आणि त्याच वर्षी एका सकाळी तो चहाचा कप उचलायला गेला, पण कप त्याला उचलता आला नाही. उजवा हात आणि उजवा पाय दोन्ही गेले. दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा पाय थोडा हलत होता. हात मात्र मांडीवर नुसता ठेवलेला असायचा.

मी ताडपत्रीखाली गेले. एक कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली. माझी हरकत नव्हती, पण निदान विचारायचे तरी.

मला खरी काळजी होती ती पोस्टमनची. तो दिवसभर खिडकीशी बसून राहायचा. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करायचा नाही. जेवण समोर आले तर दोन घास खायचा, नाही आले तर मागायचाही नाही. "आता माझं काय काम आहे इथं?" असे तो एकदा गाईला म्हणाला. बाईने ते ऐकले. हा माणूस हळूहळू आपल्यातून निघून चालला आहे, हे तिला कळत होते, आणि त्याला अडवायचे कसे ते कळत नव्हते.

त्यात गवत कापणीला आले. बाईने विचार केला, आपण गठ्ठे बांधायला बसलो तर हे बघतील आणि आणखीच खचतील. म्हणून तिने सांगितले, "अहो, यंदा गवत तयारच विकत घेते." मग तिने मला ओढत ओढत गोठ्याच्या मागे नेले, खिडकीतून दिसणार नाही अशा जागी. रोज विळ्याने एक पट्टा कापायची, वाळला की माझ्यात भरायची. तिचा हेतू चांगला होता, म्हणून तिला नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण चूक ती चूकच.

शिवाय काम जमेना. ती दांडा दाबायची आणि गाठ मारायला हात सोडायची, की दांडा वर आणि गवत फुगून बाहेर. कशीबशी ती घाईघाईने गाठ मारायची. ते गठ्ठे इतके ढिले निघत की माझी मलाच लाज वाटायची.

एका दुपारी पोस्टमन काठी टेकत गाईजवळ येऊन बसला. गव्हाणीत टाकायला आणलेला एक गठ्ठा तिथेच होता. त्याने डाव्या हाताने गाठ चाचपली. बराच वेळ चाचपली.

"हे गवत विकत आणलंयस ना?" त्याने विचारले. त्याचे शब्द जरा जड येत.

"हो," बाई म्हणाली.

"गवतवाला परकराची नाडी बांधतो वाटतं."

बाई खाली बसली आणि म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं."

"हात गेला त्याचं वाईट वाटलं होतंच," तो म्हणाला. "पण तू मला मोजलंच नाहीस, ते जास्त लागलं."

मी गोठ्यामागून सगळे ऐकत होते. बाईला रडू आले. माझे लाकूड वाळलेले आहे, नाहीतर माझेही काही खरे नव्हते.

थोड्या वेळाने काठीचा आवाज जवळ आला. पोस्टमन माझ्यासमोर उभा राहिला. "भर," तो म्हणाला. बाईने गवत भरले, दांडा दाबला, गाठीसाठी हात सोडला आणि नेहमीप्रमाणे दांडा उसळला. त्याने ते दोनदा पाहिले. तिसऱ्यांदा दांडा खाली आला तेव्हा तो वळला आणि सरळ त्यावर बसला.

दांडा जागचा हलला नाही.

"गाठ मारायला दोन हात लागतात," तो म्हणाला. "बसायला एकही लागत नाही. बांध आता."

बाईने बांधायला घेतले आणि याचे सुरू झाले. असा पदर घे, तसा नको, खालून, अगं खालून. ती वैतागली. "उंटावरून शेळ्या हाकू नका," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं मी दांडा दाबला, तेव्हा तुम्हाला एक शब्द शिकवला का?" पोस्टमन हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. हसताना दांडा हलला, आणि गाठ पुन्हा ढिली झाली. त्या दिवशी सहा गठ्ठे निघाले. संध्याकाळी तो स्वतःहून म्हणाला, "भूक लागलीय."

त्यानंतर चार वर्षे त्याने ती जागा सोडली नाही. बाईने दांड्यावर पोत्याची घडी शिवून त्याला बैठक करून दिली. तिची गाठही हळूहळू बरी होत गेली, असे तो म्हणतो. म्हणजे चांगलीच झाली असणार.

मित्रांनो, माझ्या तळाची फळी आता कुजत आली आहे. मला पावसात ठेवू नका, वर्षातून एकदा तेल पाजा, असे काहीतरी तुम्हाला सांगावे म्हणून मी बोलायला सुरुवात केली होती. पण मी लाकूड आहे, माझी फळी बदलता येते. माणसाचे तसे नसते. घरात कुणाचे हात थकले तर त्याचे काम परस्पर उरकून टाकू नका. त्याला विचारा. जे जमत नाही ते तो सांगेल, आणि जे जमते तेही त्यालाच माहीत असते.

परवा या वर्षीचा पहिला गठ्ठा भरला. पोस्टमन दांड्यावर बसला आणि त्याला घेऊनच दांडा सावकाश वर उचलला गेला. पोस्टमन आता फार वाळला आहे. त्याचे पाय जमिनीपासून सुटले, आणि दोघे एकमेकांकडे बघत राहिले. बाईला काहीही सांगता आले असते. गवतच जास्त भरलेय, पेटीच बिघडली आहे. मी दोष घ्यायला तयार होते.

ती म्हणाली, "अहो, तुमचं वजन कमी पडतंय."

"किती?" त्याने विचारले.

ती गेली, ताडपत्रीवरचा धोंडा उचलून आणला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने तो डाव्या हाताने पोटाशी धरला. दांडा खाली आला.

"एवढं," ती म्हणाली, आणि सुतळी उचलली.