दाराच्या फळीवरचा पोळा

दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. शिवारात ज्वारी हिरवीगार होती, कुरुंदा गावाकडच्या रानात हळद मांडीइतकी वाढली होती आणि गावातला बैल न् बैल पुन्हा अंगानं भरला होता. पोळा उद्यावर आला तशी घरोघरी शिंगं रंगवायची लगबग सुरू झाली. संतरामच्या गोठ्यात मात्र सगळं गपगार.

"मामा, शिंगं कवा रंगवायची?" मालनबाईनं सासऱ्याला, संतरामला विचारलं.

"आपला जळबा नेईल बैल. म्या येत न्हाई औंदा," म्हातारा म्हणाला. "सगळ्यांच्या मागं, उकिरड्यापाशी उभं राहून राहून कटाळलो. आन् आता पोळे तरी किती राहिले माझे?"

या घरात नांदायला आली त्या सालापासून मालनबाई ही गोष्ट ऐकत होती. निजामाच्या राज्यात, संतराम तरणाबांड असताना, पोळ्याच्या दिवशी वेशीच्या तोरणाखालून पाटलाच्या ढवळ्या बैलाच्या गळ्यातली चांदीच्या घुंगरांची माळ गेली. बुरजावर बसलेल्या व्यंकटरावानं सांगितलं, ढवळ्याच्या गळ्यात संतरामचा हात मी माझ्या डोळ्यानं पाहिला. माळ काही सापडली नाही. थोरल्या पाटलानं पोलीस बोलावले नाहीत, पण निवाडा दिला, संतरामची जोडी इथून पुढं तोरणाखाली उभी राहायची नाही. पाटील गेला, निजाम गेला, ढवळ्याही गेला. निवाडा तेवढा राहिला.

दर साली संतराम म्हणायचा, मी माझ्याच बैलाचं बाशिंग बांधत होतो. दर साली व्यंकटराव म्हणायचा, मी पाहिलं. मालनबाई पूजेचे मातीचे बैल करायला बसली तेव्हा हातातल्या बैलाकडं बघता बघता तिच्या मनात आलं, बोलण्यातले बैल कुठंही उभे राहतात. मातीच्या बैलाला मात्र एक जागा धरावी लागते.

"ऐकलं का," तिनं नवऱ्याला हाक मारली, "ते मोडकं दार काढा बरं माळवदावरून."

"काहून? दारावर पोळ्या लाटतीस का?" जळबा म्हणाला, पण दार काढून आणलं.

तिनं त्या फळीवर तळ्याच्या चिकणमातीची वेस उभी केली. दोन्ही अंगाला बुरूज, मधोमध दोऱ्याचं तोरण, पलीकडं मारुतीचं देऊळ. बैलांना डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे लावले, चिंध्यांच्या झुली घातल्या. पांढऱ्याला चुना फासला, तांबड्याला गेरू. बैलांपाशी संतरामचा आणि बुरजावर व्यंकटरावाचा मातीचा बाहुला केला. दुपारी जळब्यानं शेजारच्या गड्याला धरून फळी पारावर नेऊन ठेवली आणि मालनबाई पदर सारखा करून पाराखाली उभी राहिली.

आधी बाया हसल्या. मग गडी वाकून पाहू लागले. मग भांडणं सुरू झाली. लिंब इथं नव्हता, तिथं होता. कोंडवाड्याला तवा भिंतच नव्हती. व्यंकटरावाची बायको गोजरबाई पुढं घुसली.

"मालन, म्या हौदापाशी घागर घेऊन उभी होते. मला बी कर."

मालनबाईनं मातीची बाई करून हौदापाशी उभी केली.

"इतकी जाड नव्हते गं म्या तवा."

"माती वल्ली हाय काकू. वाळल्यावर उतरंल."

व्यंकटरावही आला. बुरजावरचा आपला बाहुला पाहून म्हाताऱ्याला राहवलं नाही. "माझा फेटा तांबडा होता," तो म्हणाला. मालनबाईनं पातळाच्या काठाचा धागा काढून बाहुल्याच्या डोक्याला गुंडाळला. म्हातारा खुलला.

"काका, आता तुमीच लावा बैल. जसं दिसलं तसं."

त्यानं मन लावून बैल मांडले. अगदी बुरजाखाली, डावीकडं पांढरा, त्याच्या उजवीकडं तांबडा. "ही पाटलाची जोडी. ढवळ्या बुरजाला लागून." तिच्या पलीकडं संतरामची जोडी, तीही एक पांढरा, एक तांबडा. संतरामचा बाहुला त्यानं पहिल्या पांढऱ्याच्या गळ्यापाशी उभा केला. मग वाकला, एक डोळा मिटून बुरजावरून पाहिलं.

"बघा. गळा साफ दिसून राहिला. म्या काय लबाड बोलतो व्हय?"

एकेकानं वाकून पाहिलं. दिसत होतं खरं. आपल्याच हातानं आपण सासऱ्याची चोरी गावाला दाखवली असं मालनबाईला झालं. फळी उचलायला तिनं जळब्याला खूणही केली.

तेवढ्यात तातेराव पाटील फळीपाशी उकिडवे बसले. थोरल्या पाटलाचे हे चिरंजीव, त्या पोळ्याला मिसरूड फुटायच्या वयाचे होते.

"काका, ढवळ्या डावीकडं कसा?"

"होताच. पांढरा बैल बुरजाला लागून, तांबडा पलीकडं. हे तर म्या मरताना बी सांगीन."

"पर ढवळ्या उजव्या अंगाचा बैल. डावीकडं जुपला की औत घेऊन सीधा घरी यायचा."

पारावर हशा पिकला. म्हाताऱ्यांना एकदम आठवलं. थोरले पाटील चिखलातून औतामागं पळत येत आणि त्यांच्या शिव्या पार हट्टा गावापर्यंत ऐकू जात. त्या बैलाला पोळ्यातही कुणी डावीकडं धरलं नसतं, हे तिथल्या कुणाला शिकवायला नको होतं. जोडी जशी औताला, तशीच तोरणाला.

"मग डाव्या अंगाचा पांढरा कुणाचा?" तातेरावांनी विचारलं.

"आमचा," जळबा म्हणाला. "मामुल्या. जलमभर डावीकडंच चालला."

मालनबाईनं जोड्यांची अदलाबदल केली. संतरामची जोडी बुरजाखाली आली, पाटलाची पलीकडं, आणि ढवळ्या उजवीकडं, सगळ्यांच्या पार कडेला. व्यंकटराव पुन्हा वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"काय दिसून राहिलं?" गोजरबाईनं विचारलं.

"झुली."

"आन् ढवळ्याचा गळा?"

"न्हाई दिसत."

"घ्या. आमच्या म्हाताऱ्याला दोन म्हशींतली आपली कोणती ते अजून कळत न्हाई, आन् गावानं ह्यांच्या डोळ्यावर निवाडा केला."

व्यंकटराव उठला, गुडघे झाडले. "म्या पाहिलं ते खरंच पाहिलं," तो म्हणाला. "बैल तेवढा दुसरा निघाला." आणि स्वतःच हसायला लागला, तसा सगळा पार हसला. माळेचं काय, असं कुणीतरी विचारलं. त्या पोळ्याला बैल उधळले तवा चिखलात गेली असंल, म्हणून तातेरावांनी तो विषय मिटवला. मग ते जळब्याकडं वळले. "संतरामकाकाला सांग, बापाच्या वतीनं म्या हात जोडतो. उद्या तुमची जोडी बुरजाखाली, आमच्या बाजूला."

सांगायला जावं लागलंच नाही. हसणं ऐकून संतराम काठी टेकत आला होता. फळीवर त्यानं आधी बैल पाहिले, मग स्वतःला शोधलं.

"सूनबाई, मिशा राहिल्या की माझ्या."

दुसऱ्या दिवशी डफडं वाजत होतं. आंब्याच्या पाल्याच्या तोरणाखाली संतराम आपल्या बैलाची वेसण धरून उभा होता. गुलालानं अंगरखा लाल झाला होता. त्याच्या बैलाला एवढ्या जवळ तोरण कधी दिसलं नव्हतं. त्यानं मान वर केली, पाल्याचा मोठा घास ओढला आणि निवांत चावत उभा राहिला. तोरणाचा पहिला मान पाटलाच्या बैलांचा, त्यांच्याआधी त्याला कुणी तोंड लावलं नव्हतं. सगळे तातेरावांकडं पाहू लागले. ते पोट धरून हसत होते. व्यंकटराव ओरडला, "संत्या, वढ त्याला मागं."

"खाऊ दे," संतराम म्हणाला आणि वेसण आणखी सैल सोडली.