दगडावरचे दोघे

मच्छिंद्रनं पायातली चप्पल काढून टीव्हीवर नेम धरला, तेव्हा लंकाबाईनं भज्यांच्या कढईतला झारा तसाच गळता वर धरून त्याच्याकडं बघितलं. चप्पल परत पायात गेली. तोंड मात्र सुरूच राहिलं.

पडद्यावर 'तांबडी वस्ती'चा नववा भाग संपून नावं वर सरकत होती. मंगळावर राहायला गेलेल्या माणसांची ही मालिका दर रविवारी दुपारी चारला लागायची आणि लंकाबाईच्या हॉटेलात बाकडी कमी पडायची. हॉटेल म्हणजे मिरजगावच्या पुढं, हायवेच्या एका फाट्यावरचं पत्र्याचं शेड. समोर कांदा मार्केट. सोमवारच्या लिलावाला रविवारीच ट्रॅक्टर रांगेत लावावा लागतो, आणि एकदा लावला की माणसाला दिवस ढकलण्याखेरीज काम उरत नाही. पहिल्या आठ भागांत वादळं झाली होती, यान कोसळलं होतं, पाण्याच्या टाकीवरून दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले होते. पब्लिक खूश होतं. आणि आज काय, तर तेच दोन भाऊ फुगीर पोशाख घालून, डोक्यावर सोनेरी काचेची हेल्मेटं चढवून एका दगडावर जाऊन बसले आणि चाळीस मिनिटं बोलत राहिले. लहानपण, आई, दारातली चिंच. काचेमुळं तोंडं दिसेनात, कोण बोलतंय ते आवाजावरून ओळखायचं. उठले कधी, तर भाग संपला तेव्हा.

मच्छिंद्र मागच्या बाकड्यावरून सगळ्यांना ऐकवत होता. असली बडबड ऐकायची तर घरी सासुरवाडीची माणसं काय कमी आहेत, त्यासाठी मंगळावर कशाला जायचं. त्याच्या शेजारचा आबासाहेब म्हणाला, लिहिणारा बहुतेक लग्नाला गेला असेल आणि जाताना या दोघांना सांगून गेला असेल, मी येईपर्यंत बसा. यावर शेड हसलं. ज्यांना भाग थोडाफार आवडला होता तेही हसले, कारण मच्छिंद्रच्या तोंडाला लागण्यात काही अर्थ नव्हता.

काकासाहेब हसले नाहीत. ते नेहमीप्रमाणे पुढच्या बाकड्यावर, टीव्हीला नाक लावून बसले होते. लंकाबाई हसतेय असं दिसल्यावर ते मागं वळले आणि काय झालं म्हणून विचारलं. हातवारे करत आबासाहेबानं सांगितलं, की भाग फुकट गेला, कुणालाच आवडला नाही.

"मला आवडला," काकासाहेब म्हणाले. "आतापातूरचा समद्यात बेस भाग."

झालं. मच्छिंद्रला तेवढंच पाहिजे होतं.

आता एका मालिकेवरून माणसं इतकी कशी पेटतात, असं परक्याला वाटेल. पण काकासाहेब म्हणाले म्हणूनच मच्छिंद्र पेटला, दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्यानं भजं उचलून तोंडात टाकलं असतं. काकासाहेब समोरच्या मार्केटात लिलाव पुकारायचे. पस्तीस वर्षं. ढिगापाशी उभं राहायचं, भोवती व्यापाऱ्यांचं कडं, बोल्या चढत जायच्या आणि शेवटची बोली पक्की करून माल सोडायचा. त्या एका माणसाच्या शब्दावर शेतकऱ्याचं चार महिन्यांचं पीक विकलं जातं. तीन आठवड्यांमागं मच्छिंद्रचा ढीग पुकारताना मागं उभ्या असलेल्या सोलापूरच्या एका व्यापाऱ्यानं चढी बोली लावली होती. दोनदा लावली होती. काकासाहेबांनी तिकडं ढुंकूनही न बघता समोरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला माल सोडला. सोलापूरकरानंच नंतर चहा पिताना मच्छिंद्रला हे सांगितलं, आणि त्या दिवसापासून मच्छिंद्रला अन्न गोड लागत नव्हतं. त्यानं अर्ज लिहिला. अकरा जणांच्या सह्या घेतल्या. उद्या लिलाव उरकला की मार्केटची कमिटी त्या अर्जावर बसणार होती, आणि काकासाहेब यापुढं पुकारणार की बदनाम होऊन घरी बसणार, ते तिथं ठरणार होतं.

त्यात म्हाताऱ्याची अकड. मागून राम राम घातला तर वळून बघेल तर शपथ. पूर्वी असा नव्हता, असं सगळेच म्हणायचे. पैसा आला की मान वळत नाही, हे मच्छिंद्रचं म्हणणं.

मच्छिंद्र उठून पुढं आला आणि काकासाहेबांच्या समोरच्या टेबलावर टेकला. या भागात आवडण्यासारखं काय घडलं ते एकदा सांगा, म्हणाला.

काकासाहेब त्याच्या तोंडाकडं रोखून बघत राहिले. त्यांची ही बघायची तऱ्हाही मच्छिंद्रला सोसत नव्हती.

"घडाया कशाला पायजे?" ते म्हणाले. "आठ भाग ते दोघं भांडले. आज शेजारी येऊन बसले. मला तर माझाच भाऊ आठवला. वाटण्या झाल्या त्या दिवशी आमी दोघं असंच बसलो हुतो बांधावर, दिस कलंपातूर."

"तुमाला आवडनारच," मच्छिंद्र म्हणाला. "समोर मानूस तळमळतंय आन आपन दगडावानी बसायचं, ही तुमचीच तर रीत हाय."

आबासाहेब पुटपुटला, की जाऊ दे रे, उद्या काय ते होईल. पण मच्छिंद्रनं खिशातून अर्ज काढला, घडी उलगडली आणि चहाच्या ओघळावरच टेबलावर थापला. अकरा सह्या आहेत, मोजून घ्या, म्हणाला. व्यापाऱ्याशी साटंलोटं केलं, शेतकऱ्याचा गळा कापला आणि वर इथं भाऊबंदकीचे कढ काढता. लाज वाटली पाहिजे.

काकासाहेबांचा चेहरा काळवंडला. अर्ज त्यांनी वाचला नाही, नुसता हातानं बाजूला सारला. या हातानं पस्तीस वर्षांत कुणाच्या चहाचा कपसुद्धा मिंधेपणानं उचलला नाही, असं ते म्हणाले, आणि म्हणताना आवाज इतका चढला की हायवेवर थांबलेल्या टेम्पोवाल्यानं मान काढून बघितलं. तुझा कांदा डागी होता म्हणून भाव पडला, दुसऱ्यावर खापर फोडू नकोस. मच्छिंद्रची त्यांचा बाप काढण्यापर्यंत मजल गेली असती, पण लंकाबाईनं झारा कढईच्या काठावर आपटला. भांडायचं असेल तर मार्केटात जा, माझ्या हॉटेलात भजी खातात, एकमेकांना नाही, असं तिनं दोघांनाही बजावलं. मच्छिंद्र पाय आपटत मागच्या बाकड्याकडं गेला.

सुकन्या, लंकाबाईची नात, कर्जतच्या कॉलेजात शिकायची आणि रविवारी हॉटेलात हात द्यायची. तिला काकासाहेबांची दया आली. एवढ्या माणसांत एकटे पडले होते. ती चहाचा कप घेऊन त्यांच्या पुढ्यात आली आणि वातावरण निवळावं म्हणून म्हणाली,

"आजोबा, मला पण आवडला भाग. शेवटी धाकटा आईचं सांगतो ना, तेव्हा तर मला रडूच आलं."

काकासाहेब तिच्या ओठांकडं बघत होते. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सांगतो? कोन सांगतो?"

"धाकटा भाऊ. दगडावर बसून."

"न्हाई गं पोरी," काकासाहेब मायेनं हसले. चुकलेल्या नातीला समजावावं तसं त्यांनी तिला समजावलं. "तेच तर भारी हुतं. एक शब्द बोलले का ते दोघं? चाळीस मिन्टं नुस्ते बसले शेजारी. त्वांड उघडलं न्हाई कुनी. म्हनून तर आवडला."

सुकन्यानं मान वर केली आणि काकासाहेबांच्या डोक्यावरून मागच्या बाकड्याकडं बघितलं.

आबासाहेबाचा हात भज्याच्या ताटलीवर तसाच राहिला. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत त्या दोघांची तोंडं थांबली नव्हती, त्या बडबडीवरच तर अख्खं शेड वैतागलं होतं. चेहरे मात्र काचेआड होते. म्हातारा कसल्या शांततेचं कौतुक करतोय, ते सगळ्यांना हळूहळू कळत गेलं.

मच्छिंद्रला एकेक आठवायला लागलं. दोन वर्षांपासून काकासाहेब व्यापाऱ्यांना बोली लावताना बोटं वर करायला सांगतात, ते थेर वाटायचे. फोन आला की रेंज नाही म्हणून दुसऱ्याच्या हातात देतात. बोलणाऱ्याच्या तोंडावरची नजर हलवत नाहीत. आणि मागून घातलेला राम राम. मच्छिंद्रला त्यांचा राग धरून ठेवायचा होता, तीन आठवडे जपलेला राग असा हातातून जाताना माणसाला बरं वाटत नाही.

तो उठला. चप्पल न वाजवता चालत काकासाहेबांच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला, दोन हातांवर. सुकन्यानं नको म्हणून मान हलवली. त्यानं आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. नेहमीच्या आवाजात विचारलं,

"काकासाहेब, माझ्या ढिगाला मागनं बोली आली हुती. दोनदा. तुमाला आयकू आली का?"

काकासाहेबांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि सावकाश प्यायले.

मच्छिंद्र तिथंच उभा होता. ज्या प्रश्नासाठी त्यानं अकरा सह्या गोळा केल्या होत्या, त्याचं उत्तर त्याला मिळालं होतं. म्हाताऱ्यानं पैसे खाल्ले नव्हते. पण उद्या हे कमिटीला सांगितलं, तर नाव वाचेल आणि काम जाईल. अर्ज मागं घेऊन नाही सांगितलं, तर काम राहील कदाचित, पण मागून येणारी प्रत्येक बोली अशीच हवेत जाईल, आज माझ्या ढिगाची, उद्या आबासाहेबाच्या. दोन्हीकडून कुणाचं तरी वाटोळं होतंच. असल्या पेचापेक्षा म्हातारा लबाड निघाला असता तर बरं झालं असतं, असंही त्याला वाटून गेलं.

काकासाहेबांनी बशी खाली ठेवली. शेडमध्ये कुणीच काही बोलत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी एकेकाकडं बघितलं. लंकाबाई कढईकडं बघू लागली, आबासाहेबानं ताटलीत नजर घातली. काकासाहेबांची मान ताठ झाली. मघापासून पहिल्यांदाच ते खुलले.

"का रं, बसली ना वाचा?" ते म्हणाले. "मघाशी लई चुरूचुरू बोलत हुता समदे. बोला की आता. न्हाई ना उत्तर कुनाकडं?"

मच्छिंद्र त्यांच्या पाठीमागून निघाला, टेबलाला वळसा घालून समोर आला आणि बाकडं ओढून त्यांच्या तोंडासमोर बसला. टेबलावर भिजलेला अर्ज तसाच पडला होता. मागून आबासाहेबानं विचारलं, की अर्जाचं मग काय करायचं, उद्या द्यायचा का फाडायचा. मच्छिंद्रनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"न्हाई उत्तर," तो काकासाहेबांना म्हणाला. एकेक शब्द सुटा सुटा, ओठ नीट हलवत. "उद्या लिलावाला मी तुमच्या खांद्याला खांदा लावून उभा राहनार हाय. पयल्या ढिगापासून शेवटच्या ढिगापातूर. मागनं बोली आली की खांद्याला हात लावीन."

काकासाहेबांचे डोळे बारीक झाले. त्यांनी त्याच्या ओठांकडं आणि मग त्याच्या डोळ्यांकडं बघितलं.

"माझ्यावर पाळत ठेवाया?"

"व्हय," मच्छिंद्र म्हणाला. "पाळतच समजा."