कानोरच्या आवाजात

ज्या घरात जगबुडीची तयारी बारा महिने चालू असते, अशा घरात तेरिया सून म्हणून आली. तिला वाटलं होतं, सासूचं हे खूळ चार दिवसांत ओसरेल. पण लग्नाला वीस वर्षं झाली, पोरी लग्न होऊन मनिलाला गेल्या, तरी खूळ आपलं होतं तसंच होतं.

सासूला ती इनांग म्हणायची. इनांग दर फेब्रुवारीत, मेणबत्त्यांच्या सणाला, मधमाश्यांच्या मेणाची एक जाड मेणबत्ती चर्चमध्ये नेऊन पाद्रींचा आशीर्वाद घेऊन आणायची आणि ट्रंकेत कपड्यांखाली ठेवून द्यायची. वीज गेली तरी ती पेटवायची नाही. ती फक्त शेवटच्या काळोखासाठी. जग संपताना तीन दिवस असा काळोख पडणार, की दुसरा कुठलाच दिवा लागणार नाही, हे झांबालेस प्रांतातल्या त्या वाडीत शेंबड्या पोरालाही पाठ होतं. दारं-खिडक्या बंद करायच्या, बाहेर डोकावायचं नाही. आणि कुणीही हाक मारली तरी दार उघडायचं नाही, कारण सैतान आपल्याच माणसाचा आवाज काढून येतो.

"परक्याच्या आवाजात कशाला येईल तो?" इनांग म्हणायची. "परक्याला तू तसंही दार उघडत नाहीस."

हे तेरियाला पटायचं, हीच तिची पंचाईत होती.

पिनातुबोचा ज्वालामुखी डोंगर कितीतरी दिवस धुमसत होता. जूनमधल्या त्या शनिवारी सकाळीच कानोर, तेरियाचा नवरा, माळावर बांधलेली म्हैस आणायला गेला. "भात टाक, आलोच," म्हणाला. भात झाला, सुकी मासळी तळून झाली, कानोरचा पत्ता नाही. आणि भरदुपारी काळोख पडला. ढगाळ वगैरे नव्हे, अगदी मिट्ट काळोख. डोळ्यांपुढे हात धरला तर हात दिसेना. त्यातच वादळ आलेलं. वरून पाऊस नव्हे, राखेचा चिखल पडत होता आणि पायाखालची जमीन हादरत होती.

"आला," इनांग म्हणाली. तिने दाराला आडणा घातला, ट्रंक उघडली, मेणबत्ती लावली आणि जपमाळ काढली. तिचा चेहरा इतका शांत होता की तेरियाला तिचा रागच आला.

"इनांग, तुमचा मुलगा बाहेर आहे!"

"देव आहे त्याला. तू बस."

तेरिया बसली, पण तिचे कान छपराकडे होते. छपरावर पत्रा होता, आणि पत्र्यावर तो ओला चिखल साचत चालला होता. वासे कण्हत होते.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"तेरिया! दार उघड. इनांगला घेऊन बाहेर ये. छप्पर बसतंय!"

कानोरचाच आवाज. तेरिया ताडकन उठली. इनांगने तिचा घागरा धरला. म्हातारीच्या मुठीत एवढा जोर असेल असं कुणाला वाटलं नसतं.

"तो कानोर नाही."

"तुमच्या पोटचा आहे ना तो? आवाज ओळखत नाही?"

"ओळखते, म्हणूनच सांगते. माझा मुलगा विड्या ओढतो, आधी खोकतो, मग बोलतो. बाहेर एवढी राख आहे, आणि हा खोकला तरी का?"

तेरियाने कान देऊन ऐकलं. आवाज खरंच स्वच्छ होता.

"तेरिया, लवकर!"

वर कुठेतरी एक वासा कडाडला. तेरियाने देवाचं नाव घेतलं. बाहेर सैतान असेल तर मला नेईल, तिने विचार केला. पण कानोर असेल आणि मी दार उघडलं नाही, तर मी त्याला तोंड कसं दाखवू? तिने मूठ सोडवून घेतली आणि आडणा काढला.

कुठल्याही वाऱ्याने विझणार नाही म्हणून जपलेली ती मेणबत्ती पहिल्याच झोताला विझली.

"म्हैस आहे पुढ्यात," आवाज म्हणाला. "इनांगला वर बसव. तू शेपटी धर."

तेरियाचा हात ओल्या, उबदार पाठीवर पडला. शिव्याशाप देणाऱ्या म्हातारीला तिने उचलून वर बसवलं आणि शेपटी घट्ट धरली. दहा पावलं गेली नसतील, मागे घर बसल्याचा आवाज झाला. पत्रा, वासे, ट्रंक, भात, सगळं खाली.

मग मात्र तेरियाचा बांध फुटला. भीतीने असेल किंवा जिवात जीव आला म्हणून असेल, पण वाडीच्या शाळेपर्यंत तिने नवऱ्याची नुसती हजेरी घेतली. एवढा वेळ कुठे उलथला होतास? तुला म्हैस प्यारी की बायको? पुढून एकही उत्तर आलं नाही. पण बायको बोलायला लागली की कानोर वीस वर्षं गप्पच बसत आला होता, म्हणून तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शाळेची इमारत काँक्रीटची होती. दारात कुणीतरी कंदील वर धरला. म्हशीचा तुटका दोर चिखलात लोळत होता. तो धरलेलं कुणीही नव्हतं.

आत बाकावर कानोर आडवा पडला होता. पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. सकाळीच त्याच्यावर झाड पडलं होतं, म्हैस दोर तोडून पळाली होती, आणि शेजाऱ्यांनी त्याला इथे आणलं होतं. दुपारपासून तो घरी जायला उठत होता आणि चौघे त्याला दाबून धरत होते. बायकोला बघून तो आधी खोकला आणि मग लहान मुलासारखा रडला.

तेरिया त्याच्याकडे बघतच राहिली. "मग एवढ्या शिव्या मी कुणाला घातल्या?"

"मी सांगत नव्हते, तो माझा मुलगा नाही म्हणून?" दारातल्या म्हशीवरून इनांग म्हणाली. मग खाली उतरताना तीच हळूच म्हणाली, "पण उघडलंस ते बरं केलंस, पोरी."

पुढच्या फेब्रुवारीत मेणबत्ती आणायला तेरिया स्वतः गेली. ती तिने ट्रंकेत ठेवली नाही. जूनमध्ये तो दिवस उजाडला तेव्हा नव्या घराच्या उंबऱ्यावर लावली, शेजारी भात आणि तळलेली मासळी ठेवली. त्या दिवशीचं जेवण राहून गेलं होतं.

"आवाज माझा होता," कानोर कुरकुरला. "थोडे आभार मलाही मानायला हरकत नाही."

"तू खोकत बस." तेरियाने बाहेरच्या लख्ख उन्हाकडे बघून हात जोडले. कोण होतास ते मला ठाऊक नाही, ती मनात म्हणाली. पण आम्ही तिघं आज एकत्र आहोत ते तुझ्यामुळे. आणि एवढं बोलले तरी तू वाटेत सोडून गेला नाहीस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. मग ती मोठ्याने म्हणाली, "जेवून जा हं."

दाराची एकच फळी उघडी होती. आतून इनांग जपमाळ सावरत आली आणि तिने आपल्या हाताने दुसरीही उघडली.