बाबांनी पसंत केलेला टीव्ही

काळ्या काचेच्या खालच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा लाल दिवा होता आणि मयुरी त्याच्याकडेच पाहत होती — बाकी भिंतभर फुलं उमलत होती, पोपट उडत होते, कुठल्यातरी समुद्राचं पाणी अंगावर येत होतं, आणि हा एकच टीव्ही बंद. समोरच्या पडद्यांची रंगीत छाया त्याच्या काचेत हलत होती. मलकापूरच्या त्या दुकानात खिडक्यांचे पडदे ओढून भरदुपारी अंधार केलेला. तुळशीराम नावाचा विक्रेता बाबांना समजावत होता.

"काका, हा क्यूएलईडी. उजेडाच्या घरात चांगला दिसते. अन् ओएलईडी घ्याल तर काळं म्हंजे काळंच. जसा टीव्ही बंद करून ठेवला."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला. मग बोट दाखवलं — लाल दिव्याच्या टीव्हीकडे.

"मंग हाच भारी हाय. पाह्य व मयुरे, काय चित्र हाय."

तुळशीराम हसला. "काका लय मजाकी हायेत."

मयुरी हसली. बाबाही हसले, पण थोडे उशिरा, त्या दोघांचं हसणं ऐकून झाल्यावर... आणि तेव्हा तिला कळलं. कळलं म्हणजे काय — कपाबाहेर सांडलेला चहा, एकाच पानावर तासभर उघडा राहिलेला पेपर, हे सगळं कित्येक महिने माहीतच होतं, फक्त एका जागी आणून ठेवलं नव्हतं. जुन्या बत्तीस इंचीवर बातम्यांची अक्षरं लहान झाली, असं ते दिवाळीपासून म्हणत होते. अक्षरं लहान झाली. डोळ्यांचा विषय त्यात कुठेच नव्हता. तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला टीव्ही मोठा करणं सोपं होतं. डोळे दाखवायचे म्हणजे गाडीची किल्ली कुणाच्या तरी हातात द्यावी लागली असती. मयुरीच्या हातात.

घरी बोलून सांगतो, असं ते तुळशीरामला म्हणाले आणि दोघं निघाले. स्कूटर त्यांनीच चालवली. मागे बसून मयुरी मोताळ्याला घरी पोचेपर्यंत बोलत राहिली — बाबा, ट्रॉली पाहा कापसानं केवढी भरली. बाबा, म्हशी कोणाच्या आल्या वाटते रस्त्यावर. ते ब्रेक दाबायचे, म्हणायचे, "दिसून राह्यल्या मले." ही बोलण्याची रीत त्यांनी कधी ठरवली नव्हती, ती आपोआप पडली होती, आणि तिच्यात दोघांचीही अब्रू राहत होती... असं तिला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीखाली फळी लागेल म्हणून ते सुताराकडे निघाले. स्कूटरवर, एकटेच. मयुरी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावत होती. रस्त्याच्या कडेला शेषराव नावाच्या माणसाची ट्रॉली उभी होती, आणि तिच्याबद्दल त्यांना सांगायला मागे कोणी नव्हतं.

बाबांच्या मरणानंतरचं पुण्यानुमोदन होऊन आता चार दिवस झालेत. घराचं पुढचं दार सताड उघडं आहे. या गल्लीत ते दिवसा लावलं, तर कोण आजारी आहे म्हणून विचारायला शेजारच्या पुष्पाबाई येतात. सगळं ऊन भिंतीवर. त्या भिंतीसमोर पुण्याहून आलेला धाकटा भाऊ संघर्ष टेप घेऊन उभा आहे, आई खाली बसून गहू निवडते आहे.

"ताई, बाबाची शेवटची इच्छा होती ते. कोणता पसंत केला होता त्यायनं? तोच आणू."

एका शब्दाचं काम होतं. क्यूएलईडी. एवढ्या उजेडाच्या घराला तोच शोभतो, कुणीही मान डोलावली असती. मग तो या भिंतीवर दहा वर्षं राहील. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेल, त्यायनं सोताच्या डोळ्यानं पसंत केला. आणि त्या डोळ्यांच्या भरवशावर संघर्ष शेषरावला पोलिसांत खेचत राहील, कारण ट्रॉली उभीच होती असं शेषराव शपथेवर सांगतो आणि संघर्ष म्हणतो, बाबाले उभी ट्रॉली दिसली नसती का? एवढ्या मोठ्या पडद्यासमोर रोज संध्याकाळी मी कशी बसणार... आणि नाही बसले तर आई विचारणार, काऊन.

दार उघडं होतं आणि तिला त्यातून बाहेर जाता येत नव्हतं.

"बोल ना व ताई," संघर्ष म्हणाला. "थो दुकानवाला दोनदा फोन करून राह्यला. ओएलईडी का क्यूएलईडी?"

आईची बोटं सुपात थांबली, पण तिनं मान वर केली नाही. तिलाही माहीत असेल का? असेल तर आम्ही तिघं... मयुरीला आतापर्यंत वाटत होतं की हे बोललं की आपण बाबांचं काहीतरी काढून घेऊ. आता त्यांच्याकडून काढून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. राखायची राहिली होती ती फक्त तिची स्वतःची अब्रू, आणि ती एवढीशी होती.

"बाबाले दिसत नोहतं, संघर्ष," ती म्हणाली. "अन् मले मालूम होतं."