पाचवी मरिया

जोंगमान बुडाला आणि गावाला त्याच्या आईला हाक मारायची सोय राहिली नाही.

त्या बेटावर बाईला लेकराच्या नावाने ओळखतात. पहिलं मूल झालं की ती अमक्याची आई, मग माहेरचं नाव कुणी विचारत नाही. हिला तर माहेरीही धड नाव नव्हतं. शेंडेफळ म्हणून बाप धाकटी म्हणायचा, तेवढंच. लग्नानंतर जोंगमान झाला आणि ती जोंगमानची आई झाली. त्यात तिला कधी काही उणं वाटलं नाही.

मग एका थंडीत पोरगा मांदेलीच्या बोटीवर गेला. बोट सापडली, माणसं सापडली नाहीत.

तेव्हापासून ती कालवं फोडायच्या शेडमध्ये शिरली की बाया चाचपडायच्या. जुनं नाव घ्यायला जीभ उचलत नव्हती आणि नवं काही ठाऊक नव्हतं. 'अहो', 'ऐका हो', 'जरा इकडे बघा' यांवर दिवस निघायचा. मनाने चांगल्याच होत्या त्या. पण त्यांच्या त्या चांगुलपणातच पोराचं नाव गावातून पुसत चाललं होतं. घरी चुलीवर भात ठेवताना ती एकदा मोठ्याने म्हणून घ्यायची, जोंगमान. निदान आपल्या कानावर तरी पडावं.

टेकडीवरच्या ख्रिस्ती प्रार्थनाघराकडे तिचे पाय वळले तेही यामुळेच. तिथली माणसं मेलेल्यासाठी मांडी घालून बसतात आणि ओळीने गातात. एका म्हाताऱ्याच्या मयतीला ती पेज घेऊन गेली होती. घरभर बसलेली माणसं त्या म्हाताऱ्याचं नाव सुरात घेत होती, पुन्हा पुन्हा, कसलाही संकोच न करता. ती पेजेचं भांडं धरून दारातच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने बिबियानाला सांगितलं की मला तुमच्यात यायचंय.

बिबियाना म्हणजे शेडची मुकादम. आवाज असा की समुद्रावरची बोट मागे वळावी. तिने लगेच स्वतःला धर्ममाता नेमून टाकलं. गावात फादर राहत नव्हते, वर्षातून दोनदा बोटीने यायचे. एरवी धर्माची शिकवणी प्रार्थनाघर सांभाळणाऱ्या इम आजोबांकडे असे. जोंगमानच्या आईला अक्षर येत नव्हतं, पण सगळा हिवाळा तिने प्रश्न आणि उत्तरं ऐकून ऐकून पाठ केली.

ईस्टर जवळ आला तसं इम आजोबांनी नावाचं काढलं. बाप्तिस्म्याला एखाद्या संताचं नाव घ्यायचं असतं, ते म्हणाले. जुनं माणूस पाण्यात पुरलं जातं, वर येतं ते नवं. म्हणून हाकही नवी. ती ऐकत राहिली. जुनं माणूस म्हणजे जोंगमानची आई, एवढं तिला कळलं.

बिबियाना खूश होती. "अगाथा घे, लुसिया घे, काहीही घे," ती म्हणाली. "तुला हाक मारायला एकदाचं काहीतरी मिळेल बाई आम्हाला."

जोंगमानच्या आईने सुरी खाली ठेवली. "त्यासाठी हवंय होय तुम्हाला माझं नाव," एवढंच म्हणाली, आणि त्या दिवसापासून टेकडी चढली नाही.

फादर आले तेव्हा लाटांनी त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाप्तिस्म्याआधी ते एकेकाला समोर बसवून प्रश्न विचारत. बिबियाना खाली गेली आणि दोरीवर मासळी घालत असलेल्या त्या बाईला दंडाला धरून घेऊन आली.

फादरांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिने खडाखडा दिली. शेवटी त्यांनी कोणतं नाव घेणार ते विचारलं.

"घेणार नाही," ती म्हणाली. "मी जोंगमानची आई आहे. तेच पुरायचं असेल तर मला तुमचं पाणी नको. ते नाव घेणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही, फादर."

इम आजोबा खोकले. बिबियाना प्रथमच खाली बघू लागली.

फादर म्हणाले, "क्रुसाजवळ योहान उभा होता, ठाऊक आहे ना. प्रभूने आपली आई त्याच्या हवाली केली. तिला तो आपल्या घरी घेऊन गेला. पुढे त्याने शुभवर्तमान लिहिलं. त्यात ती लग्नघरी येते, क्रुसापाशी येते, पण तिचं नाव त्याने एकदाही लिहिलं नाही. सगळीकडे येशूची आई. पोटचा पोर डोळ्यांदेखत गेलेल्या बाईला त्याने शेवटपर्यंत पोराच्याच नावाने ओळखलं. पाण्यात पाप पुरतात हो. आईपण नाही पुरत."

तिने डोळे पुसले नाहीत. विचारात पडली होती.

"मग मला मरिया करा," ती म्हणाली.

इम आजोबा गडबडले. मरिया नको, गावात आधीच चार आहेत, त्यांनी फादरांना सांगितलं. गिरणीवाली मरिया, विहिरीजवळची मरिया, थोरली मरिया आणि त्या बोळातली बहिरी मरिया. एकीला हाक मारावी तर तिघी वळतात, चौथीला ऐकूच येत नाही. पाचवी कशी ओळखायची?

"तेच तर," ती शांतपणे म्हणाली. "कशी ओळखाल?"

बिबियानाच्या ध्यानात आधी आलं. ती हसायला लागली, आणि हसताहसता तिला बाही तोंडाला लावावी लागली.

दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा झाला. सोमवारी शेडमध्ये कालवांचा ढीग पडला होता. गिरणीवालीही आली होती, थोरलीही. पाचवी आपल्या जागी बसली. बाया नेहमीसारख्या चाचपडल्या. बिबियानाने घसा खाकरला. बोट मागे वळवणारा तो आवाज आज जरा अडखळला.

"जोंगमानची मरिया," ती म्हणाली, "ती टोपली सरकव इकडे."

टोपली सरकली. बराच वेळ नुसत्या सुऱ्या वाजत होत्या. मग कोपऱ्यातून थोरली मरिया, कुणाकडेही न बघता, म्हणाली की या जोंगमानने एकदा तिच्या दोरीवरचा सुका माकूळ पळवला होता, चांगला हाताएवढा, आणि विचारलं तर आळ घारीवर घातला.

"एक नाही, तीन," जोंगमानची मरिया म्हणाली. "दोन मी खाल्ले."